ऑक्टोबरातलं बर्फाचं वादळ, बंद सरकारी कार्यालय आणि मेलेल्या गुरांचा हिशोब

हे प्रकरण अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागातलं, २०१३-१४ सालचं आहे. वादळ, कायदे आणि तारखा जशा घडल्या तशाच दिल्या आहेत. कुटुंब मात्र प्रातिनिधिक आहे. त्या भागातल्या अनेक रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या कुरणांवर, जे घडलं ते एका घरात आणून मांडलं आहे, आणि डॉलरचे आकडे हिशोब कळावा म्हणून गोल धरले आहेत. काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, नाव देत नाही.

पार्श्वभूमी

मिसूरी नदी साउथ डकोटाचे दोन तुकडे करते. पूर्वेला मका-सोयाबीन, पश्चिमेला गवत. पश्चिमेच्या भागाला तिथले लोक ‘वेस्ट रिव्हर’ म्हणतात. पाऊस कमी, माणसं विरळ, आणि रँच हजारो एकरांच्या. त्यात थोडी जमीन स्वतःची, थोडी भाडेपट्ट्याची, काही ठिकाणी केंद्र सरकारच्या मालकीची चराई.

आपल्या प्रकरणातली रँच बाप-लेकाच्या भागीदारीत होती, निम्मी निम्मी. मांसासाठी पाळलेल्या ३०० गायी आणि त्या वर्षीची २८० वासरं. वासरं वसंतात जन्मतात, उन्हाळाभर आईमागे चरतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिलावाला जातात. वर्षाचं उत्पन्न ते एवढंच. त्यातून बँकेचं खेळतं कर्ज फिटतं, पुढच्या वर्षाचं मंजूर होतं. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरातली सगळी कमाई चार पायांवर उभी असते, उघड्या माळावर.

२०१२ साली मोठा दुष्काळ पडला होता. चारा महागला, अनेकांनी कळप कमी केले. २०१३ला पाऊस बरा झाला, गवत चांगलं वाढलं, म्हणून गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती. तिथे ना गोठा, ना झाडांचा आडोसा. हिवाळ्यासाठी राखलेली, घराजवळची, घळी आणि झाडी असलेली कुरणं रिकामी होती.

आता सरकारी मदतीचं. अमेरिकेत शेतीवरचा सरकारी पैसा मुख्यतः मका, सोयाबीन, गहू, कापूस या पिकांकडे जातो. रँचरच्या वाट्याला येतात त्या बहुतेक आपत्तीतल्या योजना. २००८च्या फार्म बिलात, म्हणजे दर काही वर्षांनी होणाऱ्या शेतीच्या केंद्रीय कायद्यात, त्या आणल्या गेल्या: दुष्काळात चराई गेली तर एक, आणि हवामानामुळे गुरं दगावली तर ‘लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्राम’, म्हणजे एलआयपी. जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई. कागदावर सोय चांगली होती. फक्त तिची मुदत ३० सप्टेंबर २०११ला संपली होती. जानेवारी २०१३मध्ये फार्म बिलाला मुदतवाढ मिळाली तेव्हा या योजना नावाला जिवंत केल्या, पण त्यांच्यामागे पैसा ठेवला नाही.

ती मुदतवाढही ३० सप्टेंबर २०१३ला संपली. त्याच मध्यरात्री सरकारी खर्चाची मंजुरीही संपली, आणि १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं. शेतीच्या सरकारी योजना राबवणाऱ्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटीतल्या कार्यालयाला कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशी वादळ आलं.

काय घडलं

३ ऑक्टोबरला, गुरुवारी, आधी पाऊस सुरू झाला. गुरांच्या अंगावर अजून हिवाळी केस आले नव्हते. ती चिंब भिजली. मग तापमान उतरलं, पावसाचा बर्फ झाला आणि ताशी ६०-७० मैलांचा वारा सुटला. त्या भागातल्या रॅपिड सिटी शहरात सुमारे २३ इंच बर्फ पडला, ब्लॅक हिल्सच्या डोंगरात काही ठिकाणी चार फुटांहून जास्त.

कोरडा बर्फ असता तर गुरांनी सोसला असता, ती सवय त्यांना आहे. ओल्या अंगावरचा वारा सोसवला नाही. वारा पाठीवर घेऊन कळप चालत सुटतात. कुंपण आलं की थांबतात, मागचे पुढच्यांवर चढतात. बर्फाचा ढीग कुंपणाच्या वर गेला की त्यावरून पलीकडे जातात. कित्येक कळप घळीत आणि शेततळ्यांत उतरले आणि तिथेच गाडले गेले किंवा बुडाले. जी वाचली ती मैलोन्मैल दूर, दुसऱ्याच्या कळपात मिसळलेली सापडली.

सुरुवातीला राज्यभरात लाखभर जनावरं मेल्याचे अंदाज छापून आले. प्रत्यक्षातला आकडा पुढे बराच खाली आला, तरी तो हजारोंत होता. आपल्या रँचवर १५० गायी आणि ९० वासरं गेली. बाजारभावाने गाय १,४०० आणि वासरू ८०० डॉलर धरलं तर २,८२,००० डॉलरचं नुकसान. विमा म्हणाल तर केंद्र सरकारच्या अनुदानावरचा जो गुरांचा विमा तेव्हा मिळत असे तो भाव पडण्याचा होता, जनावर मरण्याचा नव्हता.

अडचण

अडचण तीन पदरी होती आणि तिन्ही पदर एकमेकांना ताणत होते.

एक: भरपाईची योजनाच अस्तित्वात नव्हती. ती परत येईल का, आली तर मागच्या तारखेपासून लागू होईल का, पुरावा कसला मागतील, कुणालाच ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये फार्म बिल गरिबांच्या अन्नमदतीवरून अडलं होतं. प्रतिनिधीगृहाने जुलैत शेतीचा भाग वेगळा काढून २१६ विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केला होता, पण सिनेटशी जमवणं बाकी होतं.

दोन: विचारायला कुणी नव्हतं. आपल्याकडे जनावर दगावलं की तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी येऊन पंचनामा करतात. तिथे पुरावा गोळा करून कार्यालयात नेणं हे मुळात मालकाचंच काम, आणि त्या पंधरवड्यात कार्यालयच बंद होतं. बाजारभावाचे रोजचे सरकारी अहवालही बंद पडले होते, त्यामुळे वाचलेली वासरं लिलावाला न्यायची तर योग्य भाव कोणता हेही अंदाजानेच.

तीन: राज्याचा नियम सांगत होता की मेलेलं जनावर ३६ तासांत जाळा, पुरा किंवा रेंडरिंगवाल्याच्या, म्हणजे मेलेल्या जनावरांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या, स्वाधीन करा. पुरलं की पुरावा गेला. ठेवलं तर रोगराई, कोल्हे, आणि शेततळ्याचं पाणी खराब. त्यात बर्फ वितळायला लागून सगळीकडे चिखल झालेला. काही जनावरं तर नियमाची मुदत उलटून गेल्यावर दिसायला लागली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: जे झालं ते झालं, खड्डा खणून मोकळं व्हायचं आणि जिवंत गुरांकडे लक्ष द्यायचं. बापाचं मत याच बाजूला होतं. वेस्ट रिव्हरमध्ये ‘सरकारकडून काही नको’ ही नुसती राजकीय घोषणा नाही, घराची शिस्त असते. शिवाय त्याचा मुद्दा व्यवहाराचाही होता. जी योजना नाही तिच्यासाठी मेलेल्या गायींचे फोटो काढत फिरायचं, आणि तोवर जिवंत गाय शेजारच्या घळीत अडकून मरायची.

दुसरा पर्याय लेकाचा: मदत येवो न येवो, नोंद करायची. बँकेला तरी दाखवावं लागेलच. कर्जाला तारण गुरंच होती. दीडशे गायी गेल्या हे तोंडी सांगून बँक मानणार नव्हती.

तिसरा पर्याय तेव्हा घरात बोलला गेला, पण कुणाला पटला नाही: उरलेला कळप विकून टाकायचा. २०१२च्या दुष्काळानंतर देशभर गुरं कमी झाली होती आणि भाव चढे होते. पुढे जे झालं ते पाहता हा पर्याय वाटला होता तितका वेडगळ नव्हता. पण साठीतला बाप आणि तिशीतला लेक यांना एकच निर्णय सारखाच फायद्याचा नसतो, आणि इथे निर्णय लेकाच्या बाजूने झुकला.

काय केलं

पहिले तीन दिवस फक्त जिवंत गुरं. शेजारपाजारचे रँचर घोड्यांवर आणि ट्रॅक्टरवर निघाले, मिसळलेले कळप डागाच्या खुणेवरून आणि कानातल्या बिल्ल्यांवरून वेगळे केले. मिसूरीच्या पश्चिमेला विक्रीच्या वेळी गुरांचा डाग तपासून घेणं कायद्यानेच आहे. त्याचा एरवी जाच वाटतो. त्या आठवड्यात तोच उपयोगी पडला.

मग मेलेली. सुनेने यासाठी एक पद्धत बसवली, आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. प्रत्येक मेलेल्या गायीचा बिल्ला कापून घ्यायचा आणि तारखेच्या पिशवीत टाकायचा. डाग दिसेल असा एक फोटो, मागे कुंपण किंवा टेकडी येईल असा दुसरा. मग पाठीवर नारिंगी स्प्रेची रेघ, म्हणजे तेच जनावर दोनदा मोजलं जाणार नाही. वीज गेलेली असल्यामुळे फोन पिकअपमध्येच चार्ज करायचा. रात्री वहीत: बिल्ल्याचा नंबर, जागा, सोबत कोण होतं.

‘सोबत कोण होतं’ हा रकाना तिने का घातला, तर बँकेत काम केलेल्या तिच्या बहिणीने फोनवर सांगितलं म्हणून. घरच्यांची साक्ष कुणी धरत नाही. पुढे अर्जाच्या वेळी तो रकाना नेमका कामाला आला.

वासरांचं असं जमलं नाही. त्यांना डाग होता, पण सगळ्यांच्या कानात बिल्ले नव्हते. बरीच तळ्यात गेली होती. काउंटीने मेलेली जनावरं टाकण्यासाठी खड्डा उघडला तेव्हा ट्रक भरून न्यायची घाई झाली आणि दोन खेपांची मोजणीच राहिली.

१७ ऑक्टोबरला सरकारी कार्यालयं उघडली. लेक पहिल्याच दिवशी गेला. कर्मचाऱ्याने स्पष्टच सांगितलं की भरायला अर्जच नाही, पण जे आहे ते जपून ठेव. योजना नसलेल्या कार्यालयातून मिळालेला तो सल्ला योजनेइतकाच उपयोगी होता.

दरम्यान रोख पैसा कुठून? राज्यातल्या पशुपालक संघटनांनी मिळून ‘रँचर रिलीफ फंड’ उभा केला होता, त्यातून थोडी मदत झाली. मोंटानात सुरू झालेल्या ‘हेफर्स फॉर साउथ डकोटा’ उपक्रमातून लोक गाभण कालवडी दान देत होते. आपल्या कुटुंबाने कालवडी घेतल्या नाहीत. ज्यांचा सगळा कळप गेला त्यांना आधी मिळाव्यात, असं म्हणाले. बँकेने कर्जाचा हप्ता पुढे ढकलला, पण व्याज चालूच राहिलं.

७ फेब्रुवारी २०१४ला नव्या फार्म बिलावर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली. त्यात एलआयपी कायमची झाली, आणि १ ऑक्टोबर २०११पासूनच्या नुकसानाला पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. अर्ज १५ एप्रिलपासून. चराईच्या योजनेलाही तीच तारीख, त्यामुळे २०१२च्या दुष्काळाचे अर्जही त्याच खिडकीवर, त्याच माणसांकडे आले. रांग लांबली.

निष्पत्ती

अर्ज मंजूर करते काउंटी समिती. ती स्थानिक शेतकरी-रँचरनीच निवडून दिलेली असते. म्हणजे तुमच्या नुकसानाचा कागद तुमचा शेजारी वाचतो. याची लाज वाटते असं सांगणारे भेटतात, पण फायदाही आहे: कुणाकडे किती गुरं होती हे त्याला ठाऊक असतं. स्वतःचा किंवा नात्यातला अर्ज असला की सदस्य बाजूला होतो.

योजनेत आधी ‘एरवीही मेलीच असती’ इतकी जनावरं वजा होतात. ते प्रमाण राज्य पातळीवर ठरतं. इथे वादळाआधीच्या सगळ्या कळपातल्या गायींसाठी २ आणि वासरांसाठी ३ टक्के धरू, म्हणजे ६ गायी आणि ८ वासरं. सगळं नुकसान सिद्ध झालं असतं तर ७५ टक्के भावाने १४४ गायी १,०५० डॉलरने आणि ८२ वासरं ६०० डॉलरने, एकूण २,००,४०० डॉलर.

प्रत्यक्षात फोटो, बिल्ले आणि मोजलेल्या ट्रकखेपा यांतून ११० गायी आणि ५० वासरं उभी राहिली. शेजारी आणि पशुवैद्य यांच्या लेखी साक्षींनी आणखी २५ गायी आणि २० वासरं. वजावट करून १२९ गायी आणि ६२ वासरं, म्हणजे १,७२,६५० डॉलर.

इथे कमाल मर्यादेची गोष्ट येते. तेव्हा या आपत्ती योजनांना मिळून एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरची कमाल मर्यादा होती. भागीदारी असल्याने बाप-लेकाच्या वाट्याला प्रत्येकी ८६,३२५ डॉलर आले, मर्यादेच्या आत. रँच एकट्या बापाच्या नावावर असती तर १,२५,००० वरच गाडी थांबली असती. ही भागीदारी त्यांनी मदतीसाठी केली नव्हती, वारसाहक्काचा घोळ नको म्हणून काही वर्षांपूर्वी वकिलाकडे जाऊन केली होती. जनावर मेलं त्या दिवशी मालक कोण, हेच योजना पाहते. वादळानंतर कागद बदलून काही झालं नसतं. आजूबाजूच्या ज्या रँच एकाच नावावर होत्या, त्यांना या मर्यादेने चांगलंच चोपलं.

त्यातून एक विचित्र गोष्ट निघते. एकट्या मालकाने साधारण १२५ गायी सिद्ध केल्या की पुढचा प्रत्येक फोटो, प्रत्येक बिल्ला बिनकामाचा. भागीदारीत मात्र न मोजलेल्या त्या दोन ट्रकखेपांची किंमत हजारो डॉलर होती. ऑक्टोबरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

पैसे हातात आले ते २०१४च्या उन्हाळ्यात. १,७२,६५० डॉलर म्हणजे नुकसानाच्या सुमारे ६१ टक्के, पण तो हिशोब २०१३च्या भावांचा. २०१४मध्ये गुरांचे भाव विक्रमी चढले. गाभण कालवड २,००० डॉलरच्या पुढे गेली. त्या पैशात ८५ कालवडीसुद्धा आल्या नसत्या, गेल्या होत्या दीडशे गायी. त्यातूनही निम्मा पैसा बँकेकडे गेला. कळप पूर्ववत करायला स्वतःच्याच कालवडी न विकता राखाव्या लागल्या, म्हणजे चढ्या भावाच्या वर्षात विक्रीला कमी माल.

आणि एक: शेतीची सरकारी मदत कुणाला किती मिळाली हे तिथे नावासकट सार्वजनिक असतं. एका पर्यावरणवादी संस्थेचा १९९५पासूनचा डेटाबेस कुणीही उघडून पाहू शकतो. गावातल्या कॅफेत ‘तुम्हाला तर बरीच रक्कम मिळाली’ हे वाक्य ऐकायला मिळालंच. किती गेलं हे त्या डेटाबेसमध्ये नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

गुरं आधी हलवायची का, हा प्रश्न सगळे विचारतात. इशारा होता, पण एवढ्या बर्फाची अपेक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुणी केली नव्हती, आणि तीनशे गायी वासरांसकट दहा मैल हलवणं हे एका दुपारचं काम नाही. मला हा प्रश्न मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा वाटतो.

खरा वाव वासरांच्या नोंदीत होता. वसंतात डाग देतानाच सगळ्यांना बिल्ले मारले असते आणि त्याच दिवशी पशुवैद्याच्या किंवा बँकेच्या कागदावर संख्या चढवली असती, तर ‘वादळाआधी होती किती’ हा वाद उरला नसता. मेलेल्यांचा पुरावा सगळे गोळा करतात. जिवंत असल्याचा पुरावा कमी पडतो. खड्ड्यावरही काउंटीने एक माणूस वही घेऊन बसवला असता तर कित्येकांचं काम झालं असतं. खड्डा खणायला पैसा मिळाला, वहीचं कुणाला सुचलं नाही.

तिसरा पर्याय, कळप विकण्याचा, त्याचा हिशोब कुणी कागदावर मांडलाच नाही. मांडूनही कदाचित नकोच ठरला असता. पण बापाला निवृत्त होण्यासाठी त्याहून चांगलं बाजाराचं वर्ष सापडणं कठीण होतं, आणि लेकाला अर्धा कळप भाडेपट्ट्याने चालवता आला असता.

सरकारच्या बाजूने दोन गोष्टी नंतर सुधारल्या. २०१८च्या एका अर्थसंकल्पीय कायद्याने एलआयपीवरची १,२५,००० डॉलरची मर्यादा काढली, तीही २०१७पासूनच्या नुकसानाला लागू धरून. जखमी होऊन पडेल भावात विकावी लागलेली जनावरंही भरपाईत आली. २०१३वाल्यांना त्याचा उपयोग शून्य.

कार्यालय बंद पडण्यावर मात्र काही इलाज निघालेला नाही. २०१८-१९च्या हिवाळ्यात पुन्हा तेच झालं. २०२५च्या ऑक्टोबरात तीन आठवडे कुलूप राहिल्यावर सुमारे २,१०० काउंटी कार्यालयं प्रत्येकी दोन माणसांवर उघडावी लागली. योजना आता कायम आहे, अर्जही आहे. नुकसानीची सूचना देण्याची मुदत मात्र नियमांत असते, आणि खिडकीपलीकडे माणूस नसेल तर ती कशी द्यायची हे रँचरने आधीच विचारून ठेवलेलं बरं.